वर येताना घाई नको

भात मळून कणगीत पडले आणि ऊसतोडीची टोळी अजून शिवारात यायची असली, की आमच्या आजऱ्याकडची तरुण पोरे चार दिवस आंबोलीचा घाट उतरून कोकणात जातात. पूर्वी हे जाणे देवदर्शनाला, नाहीतर सोयऱ्याधायऱ्यांकडे असायचे. आता त्यात मालवण-तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारून येण्याची भर पडली आहे. पाठीला हवेचे सिलिंडर बांधायचे, तोंडात नळी धरायची, आणि शिकवणाऱ्याचा हात धरून माशांच्या घोळक्यात उतरायचे. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे यासाठी शिक्षण देणारे केंद्रही आहे.

आमचा भाचा गेल्या वर्षी असाच जाऊन आला. हा गडी म्हणजे विहिरीतला मासा. चार परस पाण्याच्या तळातला गाळ मुठीत आणून दाखवणारा. आल्या आल्या मोबाइलवरचे फोटो दाखवले आणि मग म्हणाला, "मामा, तिथं सगळं उलटंच शिकवत्यात. आबांनी आमाला शिकवलं, पाण्यात दम धर. आणि तो शिकवणारा तीनतीनदा बजावतोय, दम धरू नको, श्वास चालू ठेव!"

सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर या विषयावरचे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की त्या शिकवणाऱ्याने तीनदा सांगितले ते थोडेच झाले. विहिरीत पोहणाऱ्या माणसाला जन्मभराची जी सवय असते, तीच तिथे त्याचा घात करू शकते.

कसे ते पाहा. आपल्या अंगावर हवेचा दाब सतत असतोच. तो सवयीचा म्हणून जाणवत नाही. पाण्यात उतरले की पाण्याचा दाब त्यात मिळतो. समुद्रात दहा मीटर, म्हणजे तेहेतीस फूट, म्हणजे साधारण साडेपाच परस खाली गेले, की दाब दुप्पट होतो. वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट.

आता भाचा विहिरीत मुटका मारतो तेव्हा काय होते? छातीत तो काठावरची हवा भरून घेतो. खाली जाईल तशी ती हवा दाबाने आकसते, वर येईल तशी पुन्हा फुलते. वर आल्यावर ती होती तेवढीच. छातीला इजा होण्याचे कारण नाही. सिलिंडरची गोष्ट वेगळी. त्यावरचे यंत्र तुम्ही जेवढे खोल असाल तेवढ्याच दाबाची हवा तुम्हाला देते. नाहीतर पाण्याखाली छाती फुलवताच येणार नाही. म्हणजे साडेपाच परसावर छातीभर घेतलेली हवा खरे तर दोन छात्यांना पुरेल एवढी असते. ती तशीच कोंडून वर आलात, तर वरती तिला दुप्पट जागा लागणार. ती कुठून आणायची? फुप्फुस म्हणजे काही रबरी फुगा नव्हे. त्याची नाजूक जाळी फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि रक्ताबरोबर मेंदूकडे जातात. माणूस पाण्याबाहेर डोके काढतो आणि काढल्या काढल्या बेशुद्ध होतो.

आणि यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. चारपाच फूट पाण्यातही, सिलिंडरची हवा छातीत कोंडून एकदम उभे राहिल्याने हा प्रकार होऊ शकतो. वीस मीटरवरून दहावर येताना हवा दीडपट होते, पण दहावरून वर येताना दुप्पट. पृष्ठभागाजवळचे पाणीच सर्वांत बेरकी. पोहताना पाय टेकतात म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

इथे एक आडवळणाची गोष्ट सांगून टाकतो. विहिरीत पडलेली मोटर काढायला किंवा फूटव्हॉल्व्ह साफ करायला, पंक्चर काढणाऱ्याच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून उतरावे असे कोणाच्या मनात येत असेल, तर त्यालाही हेच शास्त्र लागू आहे. शिवाय त्या हवेत इंजिनाचा विषारी धूर मिसळलेला असू शकतो तो वेगळाच. असले धाडस करू नये. मोटर आज ना उद्या निघते.

हे झाले एक दुखणे. दुसरे याहून लबाड आहे, कारण ते लगेच दिसत नाही.

पुष्कळांना वाटते, पाठीवरच्या सिलिंडरात ऑक्सिजन असतो. तसे नाही. नेहमीच्या सिलिंडरात आपली साधी हवाच दाबून भरलेली असते, आणि हवेत चार भागांतले तीनहून अधिक भाग नायट्रोजन असतो. वरती हा वायू आपल्या उपयोगाचाही नाही नि तोट्याचाही नाही. आत जातो तसा बाहेर येतो. खाली दाब वाढला की तो रक्तात आणि मांसात विरघळू लागतो. जेवढे खोल आणि जेवढा वेळ, तेवढा जास्त. चरबीत तर तो पाण्याच्या पाचपट मुरतो.

जत्रेतला गोळी सोडा आठवा. बाटली बंद असते तोवर आत पाणीच दिसते. गोळी फटकन आत ढकलली की सगळी बाटली फसफसून येते. वायू आधीपासून आत होताच, दाब एकदम उतरला म्हणून बुडबुडे झाले. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या माणसाच्या रक्तामांसाची हीच गत होते. हे बुडबुडे सांध्यांत अडकले तर खांदा, कोपर, गुडघा असह्य दुखतो. पाठीच्या मज्जारज्जूत अडकले तर पाय लुळे पडतात, लघवी अडते.

हे दुखणे जगाला कळले ते मात्र समुद्रात नव्हे, पुलांच्या पायात. आणि ते सोसले मजुरांनी.

नदीच्या पात्रात पुलाचा खांब उभारायचा तर खालचा गाळ उपसून खडकापर्यंत जावे लागते. त्यासाठी एक युक्ती निघाली. रिकामे पातेले उपडे करून पाण्यात दाबले तर आत हवा कोंडून राहते, तसे घराएवढे लाकडी किंवा लोखंडी पातेले नदीत उपडे घालायचे. वरून यंत्राने हवा दाबून भरत राहायचे म्हणजे पाणी आत येत नाही. मजुरांनी आत उतरून गाळ खणायचा. जसे खणाल तसे पातेले खाली बसते, आणि जसे खाली जाल तसा आतल्या हवेचा दाब वाढवावा लागतो. अमेरिकेत सेंट लुई शहराजवळ मिसिसिपी नदीवर १८७० च्या सुमारास असे काम चालले होते. काम संपवून मजूर बाहेर आले की थोड्या वेळात कोणाचे सांधे धरत, कोण वाकून जाई, कोण जमिनीवर कोसळे. डझनभर तरी माणसे त्यात गेली. कारण कोणालाच कळेना. मजुरांनी मनगटाला आणि घोट्याला जस्ताचे नि चांदीचे पट्टे बांधले. आपल्याकडे ताईत बांधतात तसेच. माणूस इथून तिथून सारखाच! वाकून चालणाऱ्या त्या मजुरांवरून या दुखण्याला 'बेंड्स', म्हणजे वाकणे, असे नाव पडले ते आजतागायत चालू आहे.

त्याच सुमारास न्यूयॉर्कला ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल होत होता. त्याचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंग हा मजुरांबरोबर स्वतः पातेल्यात उतरणारा. १८७२ साली तोच या दुखण्याने आडवा झाला आणि पुढे कामावर उभे राहणे त्याला जमेना. तेव्हा त्याची बायको एमिली पुढे झाली. नवऱ्याचे निरोप कामावर नेता नेता ती गणित शिकली, पोलादाचे आणि दोरखंडांचे शास्त्र शिकली, आणि अकरा वर्षे तिने ते काम रेटले. रोब्लिंग घराच्या खिडकीतून दुर्बिणीने पूल पाहत असे. १८८३ साली पूल पुरा झाला तेव्हा गाडीतून तो प्रथम ओलांडण्याचा मान एमिलीला मिळाला. जयाची खूण म्हणून तिच्या मांडीवर एक कोंबडा होता म्हणतात.

मजुरांच्या ध्यानात मात्र एक गोष्ट आलेली होती. दुखू लागलेला माणूस पुन्हा दाबाच्या हवेत गेला की त्याला बरे वाटे. फ्रान्सच्या पॉल बेर नावाच्या शास्त्रज्ञाने १८७८ साली याचे कारण दाखवून दिले, की हे सगळे नायट्रोजनच्या बुडबुड्यांचे काम आहे, तेव्हा दाब हळूहळू उतरवावा. ठीक. पण हळू म्हणजे किती हळू? पाणबुड्याला पाण्यात दिवसभर तर लटकवून ठेवता येत नाही.

याचे उत्तर शेळ्यांनी दिले.

इंग्लंडच्या आरमाराला आपल्या पाणबुड्यांची काळजी होती. त्यांनी जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाकडे काम सोपवले. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी न्यावेत असे सुचवणारा तो हाच. लंडनच्या लिस्टर संस्थेत एक मोठी पोलादी खोली होती. त्यात हवा दाबून भरता येई. हाल्डेन आणि त्याच्या सोबत्यांनी त्यात शेळ्या घातल्या. उंदीर-सशांपेक्षा शेळीचे अंग माणसाच्या अंगाला जवळचे, आणि शेळी गरीब, हाताळायला सोपी. शेळ्यांना काही तास दाबात ठेवायचे, मग निरनिराळ्या रीतीने दाब उतरवायचा आणि पाहत बसायचे.

पण शेळीला दुखते आहे हे कळायचे कसे? ज्याच्या गोठ्यात शेळी आहे त्याला हे सांगायला नको. दुखणाऱ्या पायावर ती भार टाकत नाही. पुढचा पाय उचलून, दुमडून तशीच उभी राहते. हाल्डेनने हीच खूण धरली. पाय उचलला की समजायचे, बुडबुडे झाले. पुष्कळ शेळ्यांनी पाय उचलले, काही लुळ्या पडल्या, काही मेल्या. आज समुद्रात मजेने उतरणारा प्रत्येक माणूस त्या मुक्या जनावरांचा देणेकरी आहे.

या खटाटोपातून दिसले असे, की दुप्पट दाबात कितीही वेळ राहिलेल्या शेळ्या एकदम मोकळ्या हवेत आल्या तरी पाय उचलत नाहीत. त्यावरून हाल्डेनने हिशेब मांडला: दाब निम्म्यावर येईपर्यंत फारसा धोका नाही, पण तिथे थांबले पाहिजे. अंगातला वायू श्वासावाटे निघून गेला की पुढची पायरी, मग पुन्हा थांबा. वरच्या पायऱ्यांवर थांबा अधिक लांब. आणि गंमत अशी, की एकसारखे संथपणे वर येण्यापेक्षा हे पायरीपायरीचे येणे चांगले ठरले. संथ येणारा खाली रेंगाळतो तेवढ्या वेळात त्याच्या अंगात आणखी वायू मुरतो. १९०६ साली स्कॉटलंडच्या समुद्रात आरमाराचे दोन पाणबुडे दोनशे दहा फुटांपर्यंत जाऊन या रीतीने सुखरूप वर आले. १९०८ साली हाल्डेनची कोष्टके छापून प्रसिद्ध झाली. पुढच्या संशोधनाने त्यातले आकडे पुष्कळ बदलले, पण पायरीपायरीने येण्याचे तत्त्व टिकले. आज पाणबुड्याच्या मनगटावर घड्याळाएवढे यंत्र असते. ते हाच हिशेब क्षणाक्षणाला करत असते.

त्या स्कॉटलंडच्या मुक्कामात हाल्डेनने आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात सोडले होते. पोशाख मोठ्या माणसाचा, मनगटापाशी सैल. आत पाणी शिरत गेले, पण पोरगा डगमगला नाही. हाच पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून मोठा शास्त्रज्ञ झाला. १९५७ साली तो भारतात आला, इथला नागरिक झाला, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

आता कोणी म्हणेल, शास्त्र कळले, यंत्रे आली, मग आता काय भीती? भीती आहे ती गरिबाला. मध्य अमेरिकेत होंडुरास आणि निकाराग्वा या देशांच्या किनाऱ्यावर मिस्किटो नावाचे लोक राहतात. परदेशी जाणारे मोठे शेवंड पकडणे हा तिथल्या तरुणांचा रोजगार. मजुरी पकडलेल्या मालाच्या वजनावर. त्यामुळे दिवसातून दहादहा-बाराबारा सिलिंडरे संपेपर्यंत बुड्या मारायच्या. ना शिक्षण, ना खोली दाखवणारे यंत्र. शेकडो तरुण त्यापायी लुळे होऊन घरी बसले. होंडुरासमधल्या अशा पाणबुड्यांचा खटला अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२१ साली न्यायालयाने होंडुरास सरकारला जबाबदार धरले. वजनावर मजुरी म्हणजे काय, हे ऊसतोड करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मला आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांचीही आठवण होते. पाहुणा एकदा उतरतो, फोटो काढतो आणि जातो. त्याचा हात धरून नेणारा मात्र हंगामात दिवसभर वरखाली करत असतो. पाणी उथळ असते हे खरे, आणि उथळ पाण्यात वायू कमी मुरतो हेही खरे. पण एकावर एक बुड्यांचा साठा होत जातो, आणि प्रत्येक वेळी वर येण्याचा धोका नव्याने असतोच. ज्यांच्या घरचा मुलगा या कामाला आहे, त्यांनी त्याला रीतसर शिक्षण आणि दाखला घ्यायला लावावे, आणि दिवसाला किती बुड्या होतात हे विचारत जावे.

हौसेने जाणाऱ्यांसाठी काय? दमा, हृदयविकार, फिट येणे असले काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदर बाईने उतरूच नये. सर्दीने नाक चोंदले असेल तर त्या दिवशी राहू द्यावे, कानाचा पडदा फाटतो. उतरताना कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची. तरीही कान मोकळा होत नसेल तर खूण करून वर यायचे. यात लाज नाही. आदल्या रात्री दारू नको, पाणी भरपूर प्यावे. खाली असताना काही झाले, नळीत पाणी शिरले, जीव घाबरला, तरी श्वास कोंडून वर झेप घ्यायची नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक नको. खोल गेलेल्यांनी पृष्ठभागाच्या खाली पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून मग बाहेर यायचे, अशी आजची रीत आहे.

आणि जर नंतर दुखले तर? इथेच आपले लोक फसतील अशी मला भीती वाटते. दुखणे लगेच येईलच असे नाही. बहुतेकांना काही तासांत, एखाद्याला दुसऱ्या दिवशी येते. खांदा ठणकतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, कातडीवर चट्टे उठतात, नको एवढा थकवा येतो. आपण काय करणार? सिलिंडर उचलून खांदा भरला म्हणणार, तेल चोळणार, गरम पाण्याने शेकणार, वेदनाशामक गोळी घेऊन झोपणार. सकाळी उठून पाय हलत नाही म्हणून रडणार.

तसे न करता माणसाला आडवे निजवावे, आणि मिळेल तिथून ऑक्सिजन लावावा. मास्कने शुद्ध ऑक्सिजन हा यावरचा पहिला उपचार. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर पाणी द्यावे. बरे वाटावे म्हणून त्याला पुन्हा पाण्यात उतरवू नये. आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, की हा समुद्रात सिलिंडर लावून उतरला होता. हे सांगितले नाही तर गावच्या डॉक्टरांना तरी कसे कळावे? खरा उपचार म्हणजे हाल्डेनच्या शेळ्यांसारख्याच पोलादी खोलीत ठेवून दाब पुन्हा वाढवायचा, ऑक्सिजन द्यायचा आणि सावकाश दाब उतरवायचा. एका बैठकीला पाचएक तास लागतात. अशी सोय मुंबईला कुलाब्याच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात आहे. जेवढे लवकर पोहोचाल तेवढा गुण चांगला.

राहता राहिला घाट. उंचावर हवेचा दाब कमी असतो. बुडी मारून लगेच उंच चढणे म्हणजे अर्धवट उघडलेली सोड्याची बाटली पुरी उघडणे. म्हणून एकच बुडी मारली असेल तर निदान बारा तास आणि अनेक मारल्या असतील तर अठरा तास विमानात बसू नये असे सांगतात. हा नियम दोन हजार फुटांच्या वरच्या उंचीला धरतात, आणि आपली आंबोली सहाशे नव्वद मीटरवर, म्हणजे सव्वादोन हजार फुटांच्या पुढे आहे. पाचसहा मीटर पाण्यातल्या एका छोट्या बुडीने आंबोलीत काही होईल असे नाही. पण जे खोल आणि अनेकदा उतरले, त्यांनी दुपारी पाण्याबाहेर येऊन संध्याकाळी घाट चढू नये.

यंदा भाचा पुन्हा गेला होता. या खेपेला रीतसर शिकायला, चार दिवसांसाठी. शेवटच्या दिवशी दोन बुड्या झाल्या. सोबतीचे लोक संध्याकाळच्या गाडीने निघाले. त्याने फोन केला, "मामा, आज मुक्काम हितंच करतो. उद्या दुपारनं निघतो." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दोन म्हशींची धार शेजारच्या काकूंनी काढली. दूध डेअरीला पोहोचायला थोडा उशीर झाला एवढेच.